उतारावरचा ट्रॅक्टर

जिंतूर नाक्यावर परभणीची जीप अजून भरायची होती. माझ्या मागच्या सीटवर नवरा-बायको बसले होते.

"मोसंबीतला आपला जुना छोटा ट्रॅक्टर खडखडायलाय, तर तुझा भाऊ म्हणतो, इंजनात ऑइलच न्हाई! मी रोज सकाळी बघतो. तोंडावर सांगून आलो त्याला, मुंजाजी, तू कसला मिस्त्री? आता परभणीचाच मिस्त्री आणतो."

"अवो, पण ऑइल मोजायची पट्टी पुसून परत बुडवता ना?"

"पुसून, बुडवून! रोज भरलेलीच दिसती."

"बघताना ट्रॅक्टर कुठं उभा असतो?"

"उतारावर. बॅटरी गेलेली हाय ना. उतारावरून सोडला की चालू व्हतो."

"तोंड खाली करून?"

"मंग काय वर करून?"

"अन् पट्टी हाय इंजनाच्या पुढच्या अंगाला."

"हां. मंग?"

"ताट वाकडं धरल्यावर वरण कुठं जातं?"

"खालच्या अंगाला... आगं आई!"

"चला, उतरा."

"आता कुठं?"

"ऑइलचा डबा घ्या अन् मुंजाजीकडं चला."

"त्याला काय सांगू?"

"काईच सांगू नका. तोंड खाली करून उभं ऱ्हा, ट्रॅक्टरवानी."