घरून आणलेलं ताट

टाळकरी, जरा दम खा! मंडळी, आता मला सांगा — फोटो खोटं बोलतो का हो?

नाही म्हणता? मग लग्नाच्या फोटोत रुसलेला जावई हसतो कसा? हां, आता हसलात! खोटं बोलतं माणूस. फोटो बिचारा दिसेल ते धरून ठेवतो. आणि त्यानं धरलेलं आपल्याला सोसतं का, हा खरा प्रश्न!

एक गाव. नाव नाही सांगत — तिथले दोघं-तिघं इथंच बसलेत! त्या गावची ललिता. लग्नाचे, बारशाचे फोटो काढणारी. कॅमेरा जुना, झाकण रबरानं बांधलेलं. जिल्ह्यात फोटोंची स्पर्धा निघाली. विषय काय? भेदभाव नको, माणूस एक! पहिलं बक्षीस — नवा कॅमेरा. पोरीचा जीव अडकला की हो त्यात!

तिचे सख्खे काका जालिंदरराव सरपंच. म्हणाले, "ललिते, आपला भंडारा काढ! अख्खा गाव एका पंगतीत बसवतो. सटवाअण्णा, या, आज मधोमध बसा!"

सटवाअण्णा म्हणजे देवाच्या पालखीपुढं हलगी वाजवणारे. हलगी पुढं, पण जेवण? वेशीपाशी, सगळ्यांच्या मागनं! त्या दिवशी मधोमध बसले. खटॅक! फोटो निघाला. सगळे खूश.

घरी ललितानं फोटो मोठा करून बघितला — आणि पुन्हा मोठा केला. सगळ्यांपुढं पत्रावळी. अण्णांपुढं जर्मनचं, ॲल्युमिनियमचं ताट! घरून आणलेलं! सवयीनं पिशवीतून काढलं, सवयीनं मांडलं. आणि वाढप्यांनीही सवयीनंच पत्रावळ टाकली नाही. कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही!

सरपंच म्हणाले, "कॉम्प्युटरवर ताट पूस, पत्रावळ चिकटव. बक्षीस आपलंच!"

"काका, फोटोतलं पुसते. अण्णांच्या पिशवीतलं कोण पुसणार?"

"गावाची अब्रू घालवतेस? हा फोटो गेला, तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही!"

मंडळी, सांगा. एकीकडं नवा कॅमेरा आणि काकांचं दार. दुसरीकडं एक पोचे आलेलं ताट. तुम्ही काय केलं असतं? ... बघा, टाळकरी टाळ चाचपायला लागले!

ललितानं फोटो धाडला. जसा होता तसा. खाली लिहिलं — घरून आणलेलं ताट.

पहिला नंबर! अहो, पहिला! सरपंच भांडायला म्हणून प्रदर्शनात गेले. फोटो भिंतीएवढा. त्यात स्वतःच हसत उभे, आणि पायाशी ते ताट. भांडण तिथंच विसरले. गावात परतले ते थेट ललिताच्या दारात. "पोरी, माझं चुकलं," म्हणाले. एवढंच. छाती भरून येते हो माझी! अशी लेक आपल्या तालुक्यातली आहे!

आणि माझंही ऐका. त्या पंगतीत मी होतो. अण्णांपासून तिसरा! वीस वर्षं तिथं कीर्तन करतोय, माणूस एक म्हणून घसा कोरडा करतोय — ताट मला दिसलं नाही. लाज वाटली.

पुढच्या भंडाऱ्याला सरपंच स्वतः अण्णांच्या घरी गेले. "अण्णा, चला. ताट राहू द्या घरी." अण्णा आले, मंडळी. एका हातात हलगी. दुसरा हात मोकळा! सरपंचांनी पत्रावळ मांडली, स्वतः वाढलं, आणि शेजारी बसून जेवले. नव्या कॅमेऱ्यानं ललितानं तो फोटो काढला. आज तो त्यांच्या ग्रामपंचायतीत लावलाय. आल्या-गेल्याला दिसतो!

आता आरती होईल. मग आपलाही महाप्रसाद आहे. घास उचलायच्या आधी, मंडळी, एकदा मान वळवा. आपल्या पंगतीत कुणी घरून ताट आणलंय का, तेवढं बघा.