खालचा बाण

घटकराज्य झाले, आता गोव्याचा माणूस वर जाणार, असे त्या वर्षी सगळेच म्हणत. म्हापशाला बसच्या रांगेत माझ्यापुढे मुंबईहून परतलेले मुळगावचे एक जोडपे होते.

"आणखी वर जायला दहाव्या मजल्यावर लिफ्ट बदलायची होती. तुम्ही खालचा बाण कित्याक दाबलात?"

"लिफ्ट वर होती गे. तिला खाली बोलवायला नको?"

"आली, नि आपल्याला घेऊन तळाला गेली. परत दहाव्यावर आलो, तर पुन्हा तोच दाबलात!"

"म्हटले, पहिल्यांदा नीट लागला नसेल."

"तेवढ्यात माझा भाऊ दुसऱ्या लिफ्टने उतरून कुवेतला गेला. आता तीन वर्षांनी दिसायचा."

"त्याच्यासाठी नेलेले गोड खाजे तरी ठेवून यायचे."

"कुणाकडे? लिफ्टीकडे?"

मुळगाव येईपर्यंत खाजे आम्ही तिघांनी संपवले.