वाटीभर विरजण

घाटकोपरच्या दवाखान्यात जान्हवी नंबरची वाट बघत मोबाइल चाळत होती. मागच्या बाकावर दोघी शेजारणी बोलत होत्या.

“चेतना, कोरोनात आपल्या देशात आत्महत्या वाढल्या, असं आलंय बघ पेपरात.”

“तू आहेस ना, सुलक्षणा? बास झालं.”

“हे गेले तेव्हा माझ्याही मनात नाही नाही ते यायचं गं. पण सकाळ झाली की तू मास्क लावून, वाटी घेऊन दारात हजर! विरजण दे म्हणायचीस. मग तुझ्यासाठी रात्री दही लावावंच लागायचं.”

जान्हवीने मोबाइल खाली ठेवला.

“पण रोज रोज तुझं विरजण संपायचं कसं, यार?”

“कुठलं विरजण नि कुठलं काय! आमच्या घरात दह्याला कुणी शिवतसुद्धा नाही.”