केसरीनाथनं बदललेला मथळा

सुरैया : लिहिलंस? पुढे घे. "वडिलांचे बारा लूम होते, तरी सुरैयाबाईंनी लूमवरच्या मजुरांसाठी 'ढरकी', म्हणजे धोटा, हे हिंदी साप्ताहिक काढलं. भिवंडीत हिंदी छापणारी ही पहिली बाई."

केसरीनाथ : पयली बाई कशाला? तुमच्या आधी बाप्यांनी तरी कुटं काडलेला? पयलं मानूस लिवतो.

सुरैया : बाईच लिही. सत्काराच्या स्मरणिकेत फुशारकी नको.

केसरीनाथ : आनि हिंदीतच का, ते?

सुरैया : मजूर यूपी-बिहारचे, त्यांच्यासाठी काय कोकणीत काढू? अम्मी हेच बोलायची. घरात एक शब्द हिंदीचा नाय, नि पोरगी निघाली अखबारवाली.

केसरीनाथ : आनि मी अंजूरचा आगरी, हिंदी पिक्चरपुरती, नि बसलो तुमच्या छापखान्यात खिळे जुळवाया. आंधळ्याच्या गाई देव राखतो.

सुरैया : देव नाय, मी राखायची. अक्षराखालचा एक नुक्ता चुकला की अख्खी ओळ मोडायला लावायची.

केसरीनाथ : लावायच्या ना. मंग आपा, सत्त्याऐंशीचा संप बी लिवा.

सुरैया : ते नको.

केसरीनाथ : का नको? महादू अजून पूर्ण्याला हाय. युनियनचा यवढा लीडर, वीस वर्सं तुमचं नाव काडत न्हाय. आनि माझ्याशी गोड बोलतो, तेच खुपतं मना. तुमी लिवलेलं, 'महादू पाटील का इस्तीफ़ा'. इस्तीफ़ा मी बदलला.

सुरैया : केसरी, चहा थंड होतोय.

केसरीनाथ : होऊ दे. मोठ्या टायपात नुक्त्याचा फ न्हवता. साधा लावला असता तर तुमी पेटला असता. मी 'राजीनामा' लावला. मालकांशी तडजोड नको म्हनून त्यानं युनियनचा राजीनामाच दिलेला ना? मना काय ठाव, हिंदीत राजीनामा म्हंजे तडजोडच!

सुरैया : नेमकं उलटं.

केसरीनाथ : खालची बातमी कोन वाचतो? एक जन मथळा वाचनार, पन्नास ऐकनार. महादू मालकांना मिळाला, बोलले. संप तुटला. जमाव त्याच्या दारात, 'राजीनामा किया क्या?' आनि हा छाती काडून, 'हां, किया! फिर करूँगा!' दगड सुटले. धोंडूबाईला, त्याच्या आईला, कपाळाला सात टाके पडले.

सुरैया : माहितीय मला.

केसरीनाथ : पुढच्या अंकात तुमी छापलं, 'गलती संपादक की है.' माझं नाव न्हाय घेतलं. मी बी गप बसलो, नोकरीचं भ्याव. आता म्हातारा झालो. माझ्या नावानं लिवा.

सुरैया : नाय लिहिणार.

केसरीनाथ : यवढा मोठेपना बरा न्हाय, आपा.

सुरैया : कसला मोठेपणा! प्रूफ कोणी वाचलेलं?

केसरीनाथ : तुमी.

सुरैया : मथळा मी दोनदा वाचला. राजीनामा. मला तो बरोबर वाटला.

केसरीनाथ : तुमाला? हिंदीवाल्यांना नुक्ते शिकवनाऱ्या बाईला?

सुरैया : त्या वेळी मी हिंदीत वाचतच नव्हते. घरच्या कोकणीत वाचत होते, तिथं राजीनामा म्हणजे इस्तीफ़ाच. कळलं तेव्हा दगड पडून गेलेले. मग दोन ओळी छापल्या, गलती संपादक की. कुठली गलती, ते नाय लिहिलं. लोक हसले असते, हिला हिंदी येत नाय नि अखबार काढते! तुला नाय वाचवलं मी, केसरी. स्वतःला वाचवलं.

(शेजारच्या लूमची खडखड ऐकू येते.)

केसरीनाथ : मी वीस वर्सं समजत व्हतो, तुमी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या.

सुरैया : समजू दिलं. शरम वाटते त्याची.

केसरीनाथ : आनि महादू? त्याला काय वाटतं?

सुरैया : हिंदी बातमी त्याला वाचून कळत नव्हती. मथळा वाचून दाखवला, तो त्याच्या कानाला खराच होता. मग माणसं उलटली का, हे त्याला आजपर्यंत कोणी सांगितलं नाय. त्याला वाटतं, मी आत काहीतरी खोटं लिहिलं.

केसरीनाथ : मंग आता?

सुरैया : परिचय फाड. त्याच्या जागी हे छापायला दे. सत्कार रद्द केला तर करू देत.

केसरीनाथ : दोगांची नावं टाकायची. नायतर मी लिवनार न्हाय.

सुरैया : टाक दोघांची.

केसरीनाथ : हिंदीत लिवू?

सुरैया : मराठीत. लिही. "महादू, त्या दिवशी दारात तू खरं तेच बोललास."