शेवटचा तांब्या

मी मूळची चिंचोटीकडची. धबधब्याला आता पोरं गाड्या भरभरून येतात ना, त्याच्या खालच्या अंगाला आमची भातशेती, म्हंजे दुसऱ्याचीच, आम्ही नुसते राबायचो. मी पोटात असतानाच बाप गेला, ताप आला नि गेला, आनि आय मला जन्माला घालून टाकून गेली. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारन पुढचं सगळं त्याच्यावर हाय. मला वाढवली काकीने, बापाच्या भावाच्या बायकोने. तिचं स्वतःचं मूल त्याच दिवसांत गेलेलं, अंगावर दूध होतं, तिने मला उचलली नि छातीला लावली. आयने मंग वैतरनेच्या पलीकडे दुसरं घर केलं. घरात कुनी तिचं नाव काढलं तर काकी म्हनायची, तुला अंगावरपन घेत नव्हती गो, दूर ढकलायची. बस, एवढंच मला ठाऊक. ती वारली तेव्हा निरोप आला होता. मी म्हटलं, कोनाची कोन, मी नाय येनार, आनि त्याच दिवशी दोन घरी जाऊन बाळांना आंघोळ घालून आले. काय समजलात? असा माझा स्वभाव.

काम माझं तेच, बाळ-बाळंतिनीची आंघोळ. लग्न करून तुळिंजला चाळीत आले, नवरा लवकर गेला, पोरगी हाय ती लग्न होऊन सुखाने नांदते, आनि काकाच्या मागे काकीला कुनी नव्हतं म्हनून तिला मी इकडे आनली. मला शिकवलं तिनेच. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ नडगीवर घ्यायचं, तेल, डाळीचं पीठ, टाळू भरायची, पानी असं घालायचं की कानात थेंब नाय गेला पायजे, मंग ओव्याची धुरी द्यायची. तुळिंजपासून पापडीपर्यंत माझी बाळं हाईत हो. त्यातली काही आता मोटारसायकल चालवतात नि मला ओळखपन दाखवत नाय, मेले. किरिस्तांव घर असलं तर आजी बाळाच्या कपाळावर क्रूस काढते, हिंदूच्या घरी तीट लावतात, पन शेवटचा तांब्या माझा. तो ओतताना मी म्हनते, वाढ रे बाबा, आयशीच्या मांडीवर वाढ. मुलगी असली तर गो बाय. हेपन काकीचंच.

आता काकीचे गुडघे गेले, तिलापन मीच आंघोळ घालते. आनि तिलापन शेवटच्या तांब्याला मस्करीत तेच म्हनते, वाढ गो बाय, आयशीच्या मांडीवर वाढ. म्हातारी बोळक्या तोंडाने हसते, म्हनते आता कुठली आयस नि कुठली मांडी. रोजचंच हाय हे आमचं.

हां, मांजरीचं सांगते. चाळीत एक भुरी फिरायची, कुनाची नाय, सगळ्यांच्या घरचे बोंबील खाऊन लाथा खानारी. माझ्या खाटेखाली जुन्या लुगड्यांचं गाठोडं असतं, धुऊन मऊ झालेली, बाळांच्या लंगोटांना देते मी. एक दिवस कामावरून आले तर भुरी त्या गाठोड्यात व्यालेली. तीन पिल्लं. उंदरासारखी, डोळे मिटलेले. मला रागच आला, माझे लंगोट गेले ना! पन म्हटलं असू दे, बाळंतीन हाय, बाळंतिनीला काय बोलायचं. तिला दूध-भात ठेवला.

पयल्या दिवशी बरं होतं. मंग काय झालं, ती आडवी पडायची, पिल्लं लुचायला लागली की गुरगुरून उठायची, पंजा मारायची, आनि खिडकीतून बाहेर. पिल्लं तोंडं उघडून नुसती हलत राहायची. मी बघतच राहिले. कारन तुम्हाला खरं सांगू, एखादी पोरगी बाळाला अंगावर घ्यायला कंटाळली की मी तिला हेच सुनवायची, की बाई गं, मांजरपन पिल्लाला टाकत नाय, तू तर मानूस! इतकी वर्षं हे बोलून बोलून किती बाळंतिनींना मी रडवलं असेल, आनि ही माझ्याच खाटेखाली, माझ्याच लुगड्यावर, टाकून गेली. मी हबकले. एवढी हबकले की दारात उभी राहून तिला शिव्या दिल्या, शेजारनी गोळा झाल्या, त्यांना वाटलं माझं कुनाशी भांडन लागलं.

काकी खाटेवरून म्हनाली, हात लावू नको, मरनार ती पिल्लं. मी म्हटलं, या हातातून एक बाळ गेलं नाय आजवर. आनि मी पाट घेतला, कोमट पानी घेतलं, तिन्ही पिल्लांना तेल लावून आंघोळ घातली. हसू नका. मला दुसरं काय येतं? ओव्याची धुरीपन दिली. शेवटचा तांब्या ओतला, तांब्या कसला, वाटीच, आनि म्हटलं वाढा रे, आयशीच्या मांडीवर वाढा, आनि बोलता बोलता माझीच जीभ चावली गेली, की कुठली आयस!

पिल्लं गार पडली. हातात घेतली तर दगडासारखी गार. मी छातीशी धरली, फडक्यात गरम पान्याची बाटली गुंडाळून बाजूला ठेवली, तेव्हा कुठे हालचाल आली. मंग कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. पितात हो! मी खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर पोटं फुगलेली, तट्ट. त्यातलं काळं पिल्लू आवाजपन काढेना. मी पोट चोळलं, हिंग लावला, बाळाला लावतो तसा. काय उपयोग नाय. सकाळी तो काळा मेलेला.

काय सांगू तुम्हाला, मी त्या फडक्याकडे बघत बसले, कामाला जायची वेळ झाली तरी बसलेली. या हातातून एक गेलं नाय म्हटलं होतं ना मी.

उरलेल्या दोघांना टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीन तरनी पोरगी, माझ्या मुलीपेक्षा लहान. तिने पिल्लू नाकाशी धरलं नि म्हनाली, मावशी, याला ओव्याचा वास का येतो? मी सांगितलं आंघोळ घातली, धुरी दिली. ती आ वासून माझ्याकडे बघत राहिली. म्हने एवढ्या लहान पिल्लांना पानी लावायचं नसतं, गारठून मरतात. मंग तिने कापूस कोमट पान्यात बुडवला नि पिल्लाच्या शेपटीखाली हळूहळू फिरवला. आनि पिल्लू मुतलं. किती मुतलं म्हनता! थांबेचना. डॉक्टरीन म्हनाली, यांना आपलं आपन होत नाय, आय चाटते तेव्हाच होतं, नायतर तुंबून मरतात. अहो, मूल जन्माला आल्याबरोबर दुसरं काय करतं? तेवढंच एक काम त्याला शिकवावं लागत नाय. माझ्या तोंडावर मुतलेली पोरं आज बँकेत कामाला हाईत. आनि इथे आय नसली तर मुतायचंपन नाय? काळा कशाने मेला ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरीन म्हनाली, आयला घेऊन या. मी म्हटलं, ती कसली आय, टाकलंय तिने. ती म्हनाली, तरी आना. मंग सुक्या बोंबलाच्या वासावर भुरीला पकडली, माझे दोन्ही हात ओरबाडले तिने, पिशवीत घालून नेली. डॉक्टरीनने तिचं पोट उघडं करून दाखवलं. थानाला गळू. लाल, टम्म, पुवाने भरलेलं. म्हने पिल्लू लुचलं की हिचा जीव जात असनार, म्हनून मारते नि पळते. ताप होता तिच्या अंगात.

आता बघा, बाळंतिनीचं असं गळू मी किती बघितलंय, शेकलंय. पोरी उशी चावतात, बाळाला दूर लोटतात. मला सगळं माहीत. पन मांजरीचं माझ्या मनातपन आलं नाय. तिच्या अंगाला हात लावून बघावं, हे एकदापन सुचलं नाय, शिव्या तेवढ्या सुचल्या.

भुरीला तिकडेच ठेवून घेतली. मला पिल्लांच्या दुधाची पावडर नि ड्रॉपर दिला. घरी येऊन मी काकीला सांगितलं, अगो, तिच्या थानाला गळू होतं, म्हनून ती अंगावर घेत नव्हती. काकीने हातातली भाकरी तशीच ठेवली. मला वाटलं हिरडीला टोचली असेल.

तेव्हापासून ती पिल्लं माझी झाली. कामावर नेत होते मी त्यांना टोपलीत, पापडीच्या एका घरी बाळाची आजी रागावली, मी म्हटलं मला कामाला ठेवायची तर अशीच ठेवा. पाजायचं, कापूस फिरवायचा, पुसायचं, परत पाजायचं. डोळे उघडले तेव्हा दोघांनी पयली मला बघितली. या वयात मला परत बाळंतपन आल्यासारखं झालं. आनंद होता हो मला, खोटं कशाला बोलू.

भुरीचं गळू फुटलं, ती बरी झाली, तिला आनून चाळीत सोडली तर पिशवीतून सुटली ती पळालीच. बरं झालं म्हटलं.

आनि एक दिवस दुपारी मी ड्रॉपरने पाजत बसलेली, दारात भुरी. उंबऱ्यावर उभी राहून ओरडते. असं ओरडते की पिल्लांनी तोंडातलं दूध सोडलं नि आवाजाच्या दिशेने सरपटायला लागली. माझी पिल्लं! माझ्या डोक्यात काय गेलं काय माहीत, तिला काय झालं होतं ते मला कळत होतं, सगळं कळत होतं, तरी मी झाडू उचलला. म्हटलं, आता आलीस? आता आयती वाढलेली पायजेत तुला? हाकलली, दार लावलं नि आतून कडी घातली. ती बाहेरून ओरडतेय, दाराला नखं लावतेय.

काकी म्हनाली, उघड.

मी म्हटलं, नाय उघडनार.

काकी म्हनाली, अशीच ओरडत होती गो ती.

मी म्हटलं, कोन?

म्हनाली, तुझी आय.

मला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. पन ती भिंतीकडे तोंड करून सांगायला लागली, थांबलीच नाय, की तुझ्या आयच्या थानाला गळू झालं होतं, तापाने फनफनली होती, तू लुचलीस की किंचाळायची, तुला दूर ढकलायची, मंग तिच्या भावाने तिला औषधाला माहेरी नेली, नि तू माझ्याकडे राहिलीस. बरी झाल्यावर ती आली तुला न्यायला. भर दुपारी आली, चालत, चोळी दुधाने भिजलेली. सगळी शेतावर होती, घरात तू नि मी. तू माझ्या मांडीवर पीत होतीस. माझं पोर जाऊन महिनापन नव्हता झाला गो. मी दार लावलं, कडी घातली. ती हाका मारत होती, दार ओरबाडत होती, नि मी तुझ्या कानांवर हात ठेवला. मंग ती गेली. आनि तिच्या माहेरी मीच निरोप धाडला, की पोर तुला ओळखत नाय, परत येऊ नको. त्याच्यानंतर तिच्या लोकांनी तिला दुसरं घर करून दिलं.

तुम्ही मला विचारता काय वाटलं. काय वाटनार? काही वाटलंच नाय. कान गच्च झाले, कुनीतरी हात ठेवल्यासारखे. ड्रॉपरमधलं दूध माझ्या लुगड्यावर ठिबकत होतं ते दिसत होतं. एवढं आयुष्य गेलं, म्हातारी झाले मी, नातवंडं झाली, आनि आज सांगते? आनि मी आयच्या मयताला गेले नाय. आंघोळी घालत फिरले.

मी उठले नि कडी काढली. भुरी आत आली, माझ्याकडे बघितलंपन नाय, सरळ गाठोड्यावर जाऊन आडवी झाली. पिल्लांनी तिला शोधायला वेळपन लावला नाय. मला वाटलेलं विसरली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानी तापवलं. म्हातारीला कोन घालनार आंघोळ, ती काय उठून जानार हाय? पाटावर बसवली, पाठ चोळली. तिच्या छातीवरून हात फिरवताना मात्र माझा हात थांबला. हेच दूध, याच्यावर तर जगले मी. चोरलं म्हनू की दिलं म्हनू, तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या बायका. शेवटचा तांब्या घेतला. काकी डोळे मिटून बसलेली, वाट बघत. म्हनाली, बोल की गो. मी नुसतंच पानी ओतलं.

आता पिल्लं घरभर धावतात, काकीच्या पदराला लोंबकळतात. भुरी यायची तेव्हा येते, जायची तेव्हा जाते, मी दिवसा दाराला कडी लावायची सोडून दिलीय. बाळांच्या शेवटच्या तांब्याला बोलते मी, आयशीच्या मांडीवर वाढ, सगळं बोलते. काकीच्या तांब्याला अजून नाय. ती रोज आंघोळ झाली तरी पाटावर बसून राहते, मी पुसायला लागले तरी उठत नाय. देव तिला उदंड आयुष्य देवो. सुखाने जगू दे म्हातारीला, इतक्यात नेऊ नको रे बाबा, माझं तिच्याशी भांडन अजून व्हायचंय.