सल्लागारांची खोली

—नाव राहतं हो, नावाची अजिबात काळजी करू नका. कंपनी विकायला येतो तो प्रत्येक जण हेच विचारतो. बसा ना, उभे का? वर साहेबांकडे कागद तयार होतायत, झाले की बोलावतील, तोवर ही खोली आपलीच. सल्लागार कक्ष! दारावरची पितळी पाटी बघितलीत ना? आणि आत काय, तर पाच खुर्च्या, चहाचं मशीन आणि कोपऱ्यातले ते घडीवाले. हळू बोलायची गरज नाही, त्यांना कमी ऐकू येतं, आणि जे येतं ते आवडत नाही, म्हणून झोपतात. भिंतीत घडी होऊन जाणारा पलंग कॅराव्हॅनमध्ये, आपल्या या चाकांवरच्या घरांत, पहिल्यांदा यांनी बसवला. यांची कंपनी घेतली तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, 'असं डोकं आम्हाला हवंच होतं.' मिळालं की! ते बघा, खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवलंय.

तर एवढी मोठी कंपनी वाढली कशी? — म्हणजे तुम्ही नाही विचारलंत, पण मी सांगतो, मला दुसरं काम काय आहे? त्या गुळगुळीत पुस्तिकेत लिहिलंय, 'एका छोट्याशा शेडमधून सुरू झालेला प्रवास.' शेड होती, खोटं कशाला बोलू. पण त्या शेडमध्ये गाडी नव्हती बनत, पायरी बनायची. कॅराव्हॅनच्या दाराखाली असते ना, ओढली की बाहेर येते, ती. आम्हा सगळ्या कारखानदारांना साहेबच पायऱ्या पुरवायचे. स्वतः टेम्पोत घालून आणायचे, 'दादा, दादा' करत — हो, मला दादा म्हणायचे! आणि पायरी बसवता बसवता बघून घ्यायचे, कुणाच्या आवारात गाड्या विकल्याविना उभ्या आहेत, कुणाचं भावाशी पटत नाही, कुणाला डॉक्टरांनी दगदग बंद करायला सांगितलीय. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात ती अशी. आजतागायत या माणसाने स्वतः एक गाडी बांधलेली नाही बरं का. एकही नाही! आयत्या बिळावर नागोबा. त्यातलं पहिलं बीळ माझं.

त्या दोन खुर्च्या दोघा भावांच्या. लांब पल्ल्याच्या थोरल्या गाड्या बनवायचे, सोन्यासारखा धंदा. साहेबांनी काय केलं — थोरल्याला सांगितलं, धाकटा विकतोय; धाकट्याला सांगितलं, थोरला विकतोय. झालं! दोघंही एकाच सकाळी धावत आले, आपण मागे राहायला नको म्हणून. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. आता एक आज येतो, एक उद्या, म्हणजे तोंड बघायला नको. सल्ला? छे हो, सल्ला कोण विचारतो इथे! मागे एकदा पडद्यांचा रंग विचारला होता, तोही छापून झाल्यावर.

आणि माझं म्हणाल तर, माझ्या गाडीला माझ्या मुलीचं नाव होतं. समोर, अगदी कपाळावर, हातभर उंच अक्षरं — रंगारी शिडी लावून रंगवायचा आणि ती खाली उभी राहून त्याला चुका दाखवायची. सही करताना मीही तुमच्यासारखंच विचारलं, नावाचं काय? साहेब म्हणाले, 'दादा, लिहूनच देतो.' आणि दिलं की लिहून: नाव वाहनावर कायम राहील. वाहनावर कुठे, ते मी विचारलं नाही, आणि माझा वकील तर मान डोलवायचे पैसे घेत होता. आधी कपाळावर होतं. मग म्हणाले, दारावर शोभेल. मग सगळ्यात स्वस्त मॉडेलला दिलं. मग ते मॉडेलच बंद झालं — पण शब्द म्हणजे शब्द! साहेब शब्दाचे पक्के! आता ते नाव कंपनीच्या झाडून सगळ्या गाड्यांवर असतं. संडासाखाली टाकी असते ना, बाहेर ओढून रिकामी करायची, तिच्या झाकणावर. हसा, हसा, हसण्यासारखंच आहे. कायम राहिलं की नाही?

मुलगी सासरच्यांबरोबर फिरायला गेली होती, भाड्याची गाडी घेऊन. सकाळी सासरे टाकी रिकामी करायला गेले, वाकून वाचलं, आणि बिचाऱ्यांनी कौतुकाने हाक मारली, 'सूनबाई, ये, ये, बघ तुझं नाव!' चार माणसांत ती हसली म्हणे. मग मला फोन केला. 'बाबा, तुम्हाला माहीत होतं?' काय सांगणार? होतं. त्यानंतर फोन नाही. मी केला तर जावई उचलतात, गोड बोलतात, हवापाण्याचं विचारतात. फार वाईट वाटतं हो. जाऊ दे.

तुम्ही घरी सांगून आलात ना? ...नाही? पण कारखाना तर तुमची मुलगीच बघते — मला कसं माहीत? फाईलमध्ये आहे की. फाईल मला आधी वाचायला देतात, म्हणजे — घ्या! बोलून बसलो. आता लपवून काय करू? मला इथे कशाला पोसलंय असं वाटलं तुम्हाला? सही होईस्तोवर तुमच्यासारख्यांना बसवून ठेवायला. आपल्यातलाच माणूस, विकून खुशीत आहे, बघा कसा टुणटुणीत दिसतो! घडीवाल्यांना मीच बसवलं. दोघा भावांनाही मीच. नाव राहतं, माणसं राहतात, मान राहतो — एवढंच म्हणायचं असतं. आज पहिलं वाक्य नीट म्हटलं आणि मग जीभ सुटली. त्या फाईलमध्ये तुमच्या मुलीने काढलेली नव्या गाडीची चित्रं आहेत ना, ती बघितली आणि डोकं फिरलं माझं. मागची भिंत उघडली की स्वयंपाकाचा अख्खा ओटा अंगणात! काय पोर आहे हो! ती गाडी बनणार नाही, लिहून ठेवा. साहेबांच्या जुन्या मॉडेलांचा खप बसेल ना. ती चित्रं कपाटात जातील आणि कपाटाची किल्ली वर. तिला काय सांगाल मग?

थांबा, वरूनच आहे. — हॅलो. हो साहेब. नाही, ते... ते जरा हात धुवायला गेलेत. हो हो, खुशीत आहेत. आलेच की, मीच घेऊन येतो. — ठेवला. ऐकलंत? साहेबांशी खोटं बोललो, एरवी ते तुमच्यासारख्यांशी बोलायचं असतं. उठा. मागच्या जिन्याने थेट रस्त्यावर निघता येतं, कुणी अडवणार नाही. मुलीला फोन लावा, म्हणावं येतोय, जेवायला थांब. माझं काय व्हायचं ते होईल. या वयात मला काय करतील, घरी पाठवतील? पाठवू देत. अहो, उठा ना! एवढा कसला विचार चाललाय?

काय? परत बोला... येण्याजाण्याला कंपनीची गाडी मिळते का?

हे विचारताय?

...मिळते. ड्रायव्हरसकट.

नाही, जिना राहू दे आता. लिफ्ट समोरच आहे. जा. जा म्हणतो ना — हात धुऊन झाले तुमचे.