जोड्यांची सेवा

(न्यूयॉर्कमधला एक गुरुद्वारा. रविवारची सकाळ, लंगरचं स्वयंपाकघर. बायका रोट्या लाटताहेत; त्यांत जसमेल आणि नवीनच आलेली इकबाल.)

इकबाल : डाव्या हातानं लाटतेस? उजव्याला काय झालं?

जसमेल : जिन्यावरून पडले.

इकबाल : असं कोण म्हणतं?

जसमेल : पोलिसांच्या कागदात तसंच आहे. ते आले तेव्हा मला कुठली इंग्रजी? मोठे दीर पुढं झाले, "मी सांगतो तिचं म्हणणं." मी रडत सांगतेय, सिमरनच्या डॅडींनी मनगट पिरगाळून मोडलं. दिरांनी सांगितलं, घसरली बिचारी! पोलीस माझ्या पाठीवर थोपटून निघून गेले.

इकबाल : मग?

जसमेल : मग गुरुद्वाऱ्यातली आपली माणसं पंचायतीला बसली. सिमरनच्या डॅडींना शिक्षा ठरली, वैशाखीपर्यंत दर रविवारी इथं येणाऱ्या संगतीचे जोडे पुसायचे. झाला न्याय!

बिबी : (संगतीतली म्हातारी, आत येत) जसमेल, नशीबवान आहेस पुत्तर! तुझ्या माणसानं आत्ता स्वतःच्या रुमालानं माझे जोडे पुसले. मान वर केली नाही. संत गं, संत!

जसमेल : हो ना बिबी. घरीसुद्धा त्यांचा हात फार चालतो.

बिबी : चालायचाच! कष्टाळू माणूस तो. बसा, मी तव्यावर बघते.

जसमेल : ऐकलंस? मनगट माझं मोडलं आणि संत हे झाले! वाटतं, झोपेत हेच लाटणं घालावं डोक्यात.

इकबाल : घाल. मग तू तुरुंगात, सिमरन आजीच्या ताब्यात, आणि तुझ्या नवऱ्याच्या फोटोला हार.

जसमेल : तू आहेस कोण गं? रोटीसुद्धा धड लाटता येत नाही तुला.

इकबाल : नकाशे होतात माझ्या. मी मार खाल्लेल्या बायांसाठी काम करते. आमच्या ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्याच असायच्या. तिथवर तुम्हाला गाडीतून आणणार कोण, तर मारणाराच! म्हणून म्हटलं, आपणच पीठ मळायला जावं.

जसमेल : माझा व्हिसा त्यांच्या जोरावर आहे. पोलिसात गेलीस की जालंधरचं विमान, म्हणतात.

इकबाल : म्हणणारच. अशा बाईला इथं स्वतःचा अर्ज करता येतो, नवऱ्याची सही लागत नाही. वकील आम्ही देऊ. मनगटाच्या खर्चाचंही बघू.

जसमेल : खर्च घाल चुलीत. मला त्यांची मान खाली गेलेली बघायचीय.

इकबाल : ती आत्ताही खालीच आहे.

जसमेल : ती ढोंगाची! मला बेड्या बघायच्यात. त्यांच्या आईच्या डोळ्यांदेखत.

इकबाल : बेड्यांचं वचन मी देत नाही. तुझं म्हणणं तुझ्याच तोंडून पोचेल, एवढं देते. सिमरन इथल्याच मुलांच्या वर्गात माझ्या मैत्रिणीजवळ आहे, गाडी मागच्या दाराशी, आमच्याकडे खोली तयार. निघतेस?

जसमेल : आणि पोलिसांपुढं पुन्हा मोठे दीर?

इकबाल : हा घे फोन. पोलिसांनाच लावलाय. मध्ये पंजाबी बोलणारी बाई आहे, तू सांगशील तेच ती सांगेल. बोल.

जसमेल : हो... जसमेल कौर. हो, नवऱ्यानंच. नाव? नाव...

इकबाल : थांबलीस का?

जसमेल : लग्न झाल्यापासून तोंडानं कधी घेतलंच नाही गं.

इकबाल : हळू सांग. बिबी बघताहेत.

जसमेल : बघू दे. ऐकूही दे. गुरनेक सिंग! पुन्हा सांगू? गुरनेक सिंग. आत्ता खाली जोडे पुसतोय.